फळीतला उंदीर

मरियमबीला त्या सिनेमातल्या बाईचा पहिला राग आला तो भाकरीवरून. मक्याचं पीठ होतं, लोखंडी तवा होता, चूल चांगली धगधगत होती, आणि बाईने काय केलं, तर पीठ सैलसर कालवून सरळ तव्यात ओतून दिलं.

"अगं, थाप ना जरा!" मरियमबी सोफ्यावरून ओरडली.

"दादी, शी कान्ट हिअर यू," झारा म्हणाली.

"नसेल ऐकू येत. पण कोणीतरी सांगायला नको?"

रविवारची दुपार होती. दुबईच्या करामातल्या त्या फ्लॅटचे पडदे ओढलेले होते, एसी घरघरत होता, आणि झाराचे आईवडील आतल्या खोलीत आठवड्याची झोप वसूल करत होते. झाराला शाळेतून काम मिळालं होतं. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या खेड्यातल्या एका कृष्णवर्णीय शेतकरी कुटुंबाचा जुना सिनेमा घरातल्या मोठ्यांबरोबर बसून बघायचा आणि मग वर्गात त्यावर बोलायचं. घरातले मोठे म्हणजे जे जागे होते ते. म्हणून आजी-आजोबा पकडले गेले.

आजोबा इद्रीस एका खुर्चीत बसून दुसऱ्या खुर्चीवर पाय ठेवून होते. उभं आयुष्य रास अल खैमाच्या सिमेंट कारखान्यात काढून ते आता मुलाकडे, मुदस्सरकडे, राहायला आले होते. त्यांचं इंग्रजी कारखान्यातलं, म्हणजे यंत्रांची नावं आणि सुपरवायझरच्या शिव्या एवढं. मरियमबीचं तेवढंही नाही. झारा मध्येमध्ये सिनेमा थांबवून आपल्या मोडक्या मराठीत समजावून सांगत होती, आणि मरियमबी ते तिला परत नीट करून सांगत होती.

गोष्ट तशी साधी होती. जमीन दुसऱ्याची, कापूस वेचायचा यांनी. पत्र्याचं घर, एक हट्टी खेचर, अंगणभर पोरं. मालकाकडे कापूस तोलायला नेला की काटा नेहमी मालकाला हवा तिथेच थांबायचा. एका पहाटे घरातला बाप पिशवी खांद्यावर टाकून कुठल्या तरी लांबच्या लाकडाच्या गिरणीत कामाला निघून गेला, आणि मागे बायकोने नांगर हातात घेतला. इथवर येईपर्यंत मरियमबीने भाकरीबद्दल तिला माफ करून टाकलं होतं.

"ही तर आपल्या मोहल्ल्यातलीच बाई," ती म्हणाली.

"दादी, दे आर इन अमेरिका."

"असू दे कुठेही. नवरा बाहेर कामाला गेलाय ना? मग मोहल्ल्यातलीच."

गिरणीतल्या मजुरांची खोली पडद्यावर आली तसे इद्रीस पाय खाली घेऊन ताठ बसले. खोलीत खाटांवर खाटा रचलेल्या होत्या आणि दोरीवर बनियन वाळत होते. "अस्सा! अस्साच बंक होता माझा. वरचा. खाली एक मल्याळी घोरायचा, हबीबी, काय घोरायचा! क्रशर मशीन बंद पडली तरी कळायचं नाही." नातीला ते इतक्या कौतुकाने दाखवत होते, जसं काही ती खोली त्यांनी स्वतः बांधून दिली होती.

मग सिनेमा शेवटाला आला. खेड्यातलं छोटंसं लाकडी चर्च, सगळा गाव बाकांवर दाटीवाटीने बसलेला, आणि आपली ही बाई पुढे उभ्या बायकांच्या घोळक्यात गात होती. तेवढ्यात दार उघडलं. दारात तिचा नवरा. वाळून काडी झालेला, टोपी हातात, पुढे यावं की नाही अशा विचारात. तिने त्याला बघितलं आणि गाणं तोंडातच राहिलं. मधल्या वाटेने यावं, तर तेवढा धीर कुठला? ती सरळ बाकांवरून निघाली. एका म्हाताऱ्याच्या गुडघ्यावर पाय दिला, एका बाईच्या हॅटवर हात टेकला, कोणाचं तरी तान्हं पोर ओलांडलं. पाद्री तोंड उघडं टाकून बघत राहिला. आणि भर चर्चमध्ये, सगळ्या गावादेखत, तिने नवऱ्याला मिठी मारली.

"या अल्ला!" मरियमबीने ओढणी तोंडाला लावली. "सगळ्या गावासमोर!" पण डोळे काही पडद्यावरून हलले नाहीत.

इद्रीसनी चष्मा काढला, लुंगीच्या टोकाला पुसला आणि परत घातला. "बघ झारा, नवरा घरी आला की बायका अशा येतात. नाहीतर तुझी दादी. चुलीपुढून कधी उठली नाही."

"सीरियसली? दादी, दॅट्स सो मीन!"

"दारात यांची अम्मी होती की!" मरियमबी उसळली. "बहिणी होत्या, अख्खा मोहल्ला होता. मी आणखी कुठे उभी राहणार होते, कौलांवर?"

इद्रीस हसले, झारा हसली. पण इद्रीसचं हसू मध्येच संपलं. "होते गं, सगळेच होते. पण दोन-दोन वर्षं सिमेंटची धूळ खाताना मी काय अम्मीची स्वप्नं बघत होतो? टॅक्सी वळणावर आली की वाटायचं, या वेळी तरी ती दारात असेल. आणि तू जेवायच्या वेळेला आतून विचारायचीस, कालवणात मीठ बरोबर आहे का."

"मग? विचारायचं नाही?"

"बरोबर आहे म्हणायचो मी." ते उठले. "चला, अस्रच्या नमाजाची वेळ झाली." आणि टोपी न घेताच ते मशिदीकडे गेले, जे आजवर कधी घडलं नव्हतं.

मरियमबी त्या टोपीकडे बघत बसली. या माणसाला इतकी वर्षं वाटत होतं की तो आल्याचा तिला आनंदच व्हायचा नाही.

आता इथे मरियमबीची बाजू सांगणं भाग आहे, कारण ती स्वतःहून सांगणाऱ्यातली नाही. त्यांच्या गावात, रत्नागिरीकडच्या त्या खाडीकाठच्या मोहल्ल्यात, आखातातून माणूस आला की तो आधी सगळ्यांचा असायचा. टॅक्सीच्या टपावर नायलॉनच्या दोरीने बांधलेले खोके दिसले की पोरं पाठी धावायची. आई कपाळाचे मुके घ्यायची, बहिणी गळ्यात पडायच्या, शेजारचे बुजुर्ग ओटीवर येऊन बसायचे. बायकोने मात्र आत राहायचं. सगळ्यांचे चहा होऊन, पाहुणे उठून, सासूने हाक मारेपर्यंत पुढे यायचं नाही. आली, तर दुसऱ्या दिवशी विहिरीवर बायका म्हणणार, काय बाई उतावळी! आणि मरियमबीची मोठी नणंद, आपा, तर अशा गोष्टींवर घारीसारखी नजर ठेवून असायची. तेव्हा मरियमबी आत राहायची. चहा ट्रेमध्ये घालून पोरांच्या हाती पाठवायची.

पण घरातल्या बाकीच्या बायका खोके बघायला ओटीवर धावल्या की स्वयंपाकघरात ती एकटीच उरायची. आणि स्वयंपाकघर आणि ओटी यांच्यामध्ये भिंत नव्हती, फणसाच्या फळ्यांचा आडोसा होता. त्यातल्या एका फळीची गाठ सैल झाली होती. लग्नानंतर इद्रीस पहिल्यांदा रजेवर आला, तेव्हा मरियमबीने केसातली पिन घालून ती गाठ पाडली आणि भोकाला डोळा लावला. समोर त्याची खुर्ची. सगळं दिसायचं. गालफडं बसलेली, मिशी नवीन, उजव्या हाताला भाजल्याचा डाग. तो कप हातात धरून चार जणांशी बोलायचा आणि पाचव्यांदा स्वयंपाकघराच्या दाराकडे बघायचा. दारात कोणी नसायचं. ती फळीमागे असायची, श्वास रोखून, आणि तिच्या छातीत अशी काही धडधड व्हायची की वाटायचं, ओटीवरच्या बुजुर्गांना ऐकू जाईल.

एवढ्यावर भागलं असतं, तर बरं होतं. पण इद्रीस पडला सिमेंटचा माणूस. घरात भोक दिसलं की त्याचा हात शिवशिवायचा. पहिल्याच रजेत त्याला ते दिसलं. "उंदीर!" तो म्हणाला आणि वाटीत सिमेंट कालवून त्याने ते बुजवून टाकलं. फणसाच्या फळीला सिमेंट काय धरणार? पण ते त्याला सांगणार कोण? तो पुढच्या वेळी यायच्या आदल्या दिवशी मरियमबीने पिन घेतली आणि भोक मोकळं केलं. त्याने परत बुजवलं. तिने परत उकरलं. त्याने सिमेंटमध्ये काचेचा चुरा घातला, तिने पिनेऐवजी उलथण्याचा दांडा घेतला. सासूने पिंजरे लावले. पिंजऱ्यात काही सापडेना तेव्हा लांजाहून एक मांजर आणलं. ते मांजर पुढे इतकं लठ्ठ झालं की त्याला स्वतःला ओटी चढता येईना. मोहल्ल्यात त्या उंदराची ख्याती झाली. आता अशा वेळी सांगायचं तरी कोणत्या तोंडाने? पहिल्या वर्षी लाज वाटली, पाचव्या वर्षी भीती वाटली, आणि नंतर ते मांजरही मेलं, इद्रीसने भोक बुजवणंही सोडलं आणि विषयच संपला.

त्या रविवारी टोपीकडे बघताना मात्र मरियमबीला वाटलं, हे सांगितलं पाहिजे. मरायच्या आधी या माणसाला कळलं पाहिजे.

ठरवणं सोपं असतं. दुसऱ्या दिवशी इद्रीस बाजारातून यायच्या वेळेला ती चांगली ओढणी घेऊन फ्लॅटच्या दारात जाऊन उभी राहिली. लिफ्ट उघडली. इद्रीसनी तिला दारात बघितलं आणि त्यांच्या हातातली कोथिंबीर खाली पडली.

"काय झालं? गॅस लीक झाला?"

"नाही हो."

"मग मुदस्सरचा ॲक्सिडेंट? बोल लवकर!"

"काही झालं नाही! माणसाने आपल्या दारात उभंसुद्धा राहू नये का?" म्हणत ती पाय आपटत आत गेली, आणि ते मागून सगळ्या खोल्यांत गॅस हुंगत फिरले.

तिसऱ्या दिवशी तिने सुरमई केली. ते म्हणाले, "आज काय विशेष?" ती म्हणाली, "स्वस्त होती." झाराला हे सगळं दिसत होतं. "दादी, जस्ट टेल हिम," ती म्हणाली. "व्हॉटेव्हर इट इज."

"तुमच्यात असतं तसं जस्ट. आमच्यात नसतं."

त्यात आणखी एक घोळ झाला. मुदस्सरने गावच्या घराचं स्वयंपाकघर नवीन करायचं ठरवलं होतं. फळ्या काढून विटांची भिंत आणि टाइल्स. देखरेखीला गावी जाणार अर्थात इद्रीस. ते लहान मुलासारखे खूष झाले. "टाइल रासल खैम्याचीच लावणार. चाळीस दिरामला बॉक्स, म्हणजे नऊशे वीस रुपये. यल्ला, इथूनच घेऊन जातो!" टाइल्सचं वजन किती होतं, हे समजावता समजावता मुलाचा अर्धा दिवस गेला. मरियमबीला वेगळीच काळजी. फळीच गेली, तर नंतर सांगूनही काय उपयोग? ते म्हणतील, मला बरं वाटावं म्हणून म्हातारी रचून सांगते.

विमानतळावर ती मुद्दाम गेली. आता सांगायचंच. पण मुलगा ट्रॉली ढकलत होता, सून पासपोर्ट तपासत होती, मागचे लोक धक्के देत होते. इद्रीस वळून तिच्याकडे बघत थांबले, जरा जास्तच वेळ थांबले.

"गोळ्या वेळेवर घ्या," मरियमबी म्हणाली.

"बरं," ते म्हणाले आणि गेले. घरी येईपर्यंत गाडीत ती स्वतःला मनातल्या मनात मूर्ख, बावळट आणि आणखी एक शब्द, जो तिने सासूकडून शिकला होता, तो म्हणत होती.

पुढच्या रविवारी दुपारी बोटिम ॲपवर व्हिडिओ कॉल आला. झाराने फोन टेबलावर फुलदाणीला टेकवून उभा केला. मुलगा-सून चहा घेऊन बसले होते. पलीकडे ओटी गच्च भरलेली. काम बघायला अर्धा मोहल्ला जमला होता आणि मधोमध इद्रीसच्या जुन्या खुर्चीत मोठी नणंद बसली होती. आता ऐंशीला टेकली होती, पण नजर तीच.

"हे बघा, हे बघा!" इद्रीस उत्साहाने सांगत होते. "अरुण सुतारने आत्ता काढली ही." त्यांनी एक फळी कॅमेऱ्यासमोर धरली. भोकाच्या कडेला सिमेंटचे थरावर थर चढले होते, करडे, पांढरट, एकात काच चमकत होती. "माझ्या एकेका सुट्टीचं सिमेंट आहे हे! काय चिवट उंदीर होता साला! मी बुजवतोय, तो उकरतोय."

ओटीवर हशा पिकला. "आणि ते मांजर!" कोणीतरी म्हणालं, आणि परत हशा.

"अरुण, टाक ती चुलीत," इद्रीस म्हणाले.

"थांबा!"

मरियमबी उभी राहिली होती. का उभी राहिली, ते तिलाही कळलं नाही. फोन तर टेबलावर होता, बसूनही बोलता आलं असतं. तिकडे सगळा गाव बघत होता, नणंद बघत होती, इकडे मुलगा आणि सून. तिची कानशिलं तापली. पण आता नाही, तर ती फळी चुलीत जाणार होती.

"तो उंदीर मी होते," मरियमबी म्हणाली.

पलीकडे काही हललं नाही. मरियमबीने घाबरून नातीकडे बघितलं. "हँग झाला का गं?"

"नो दादी. दे आर जस्ट क्वाएट."

मग मात्र तिचं तोंड सुटलं ते सुटलंच. "तुम्ही यायच्या आदल्या दिवशी मी पिनेने उकरायचे. नंतर उलथण्याने, तुम्ही काच घातलीत तेव्हा. पुढे यायची सोय नव्हती, हे आपाला विचारा! मग बघणार कुठून? तुम्ही खुर्चीत बसायचात, कप हातात घेऊन, आणि दाराकडे बघत राहायचात. मी दारात नव्हते हो. मी तिथे होते, भोकाला डोळा लावून. तुम्ही बारीक झालात, हात भाजून घेतलात, सगळं आधी मी बघितलंय. तुम्ही आलात की मला काय व्हायचं ते…" तिने ओढणी सारखी केली. "मला आनंदच व्हायचा. फार व्हायचा. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

सून चहाचा कप हवेत धरून बसली होती. ओटीवर पहिली बोलली ती नणंद. "या अल्ला! आणि आम्ही लांजाहून मांजर आणलं!"

मग जो काही गोंधळ झाला! हसणं, टाळ्या, कोणी कोणाला हाका मारतंय. इद्रीस हसले नाहीत. त्यांनी फोन नणंदेच्या हातात दिला, त्यामुळे पुढचा सगळा वेळ करामात फक्त नणंदेची हनुवटी आणि कौलं दिसली. आवाज मात्र येत होते. "अरुण, ही फळी होती तिथे धर बरं. तशी नाही, जरा खाली. हां." मग पावलं. मग फळीच्या मागून, स्वयंपाकघराच्या बाजूने, इद्रीसचा आवाज आला. गुडघ्यांवर हात टेकून, मरियमबीच्या उंचीला वाकलेल्या माणसाचा आवाज.

"खुर्ची दिसते." फळी जराशी करकरली. "वळणसुद्धा दिसतं. टॅक्सी येते ते."

"सगळं दिसतं," मरियमबी म्हणाली.

इद्रीस एकदम म्हणाले, "तरीच!"

"काय तरीच?"

हनुवटी गेली आणि इद्रीसचा चेहरा समोर आला. चष्मा हातात होता आणि डोळे लाल. "मी आलो त्या दिवशीचं कालवण. दर वेळी खारट! तोंडात घालवत नसायचं. मी म्हणायचो, बाकीच्या दिवशी बरी रांधते, पहिल्याच दिवशी हिला काय होतं! तू इथे डोळा लावून मीठ टाकत होतीस."

"मग बोलला का नाहीत?" मरियमबी भडकली. "मी दर वेळी विचारत होते ना!"

"दोन वर्षांनी तू पहिल्यांदा माझ्याशी काहीतरी बोलायचीस, मरियम. त्यात मी मिठाची तक्रार करू?"

मरियमबीने ओढणीचं टोक डोळ्यांना लावलं, मुलासमोर, सुनेसमोर, त्या नणंदेसमोर, आणि लावून तशीच उभी राहिली. तिकडे इद्रीस कोणाला तरी सांगत होते की ही फळी जाळायची नाही, नवीन भिंतीत बसवायची, आणि अरुण सुतार विचारत होता की टाइल्सच्या मध्ये फळी कशी बसणार, चाचा. झारा हळूच येऊन दादीच्या कमरेला बिलगली.

बऱ्याच वेळाने, काहीतरी बोलायला हवं म्हणून, मरियमबीने विचारलं, "दुपारी कुठे जेवलात?"

"आपाकडे."

"मीठ?"

"बरोबर होतं," इद्रीस म्हणाले. "काही मजा आली नाही."